सोमवारचा कागद

अर्जात आडनाव आधी विचारलं होतं,
मग नाव, मग वडिलांचं. बडोद्यात असंच.
दिघे ऋजुता हेमंत.
शाखा: संख्याशास्त्र, दुसरं वर्ष.
इथे पेन थांबलं.
चित्रांच्या संग्रहालयात आकडेवाली कशाला,
असं कुणी विचारलं असतं
तर मी चपलेकडे बघितलं असतं.

मानधन नाही. सिटी बसचं भाडं मिळेल.
आई म्हणाली, नोकरी नव्हे, कॉलेजही नव्हे,
मग तिथे तू कोण?
म्हटलं, इंटर्न.
तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला
आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली.

शिफारसपत्रं दोन.
एक सरांचं मिळालं; नाव तेवढं माझं,
बाकी मजकूर गेल्या वर्षीच्या कुणा मुलाचा.
तो क्रिकेट चांगला खेळायचा, एवढं कळलं.
दुसरं हवं होतं शिक्षक नसलेल्या माणसाचं.
रावपुऱ्यात फ्रेमा करणाऱ्या कनुभाईंकडे गेले,
दोन उन्हाळे त्यांची बिलं लिहिलेली.
ओठांत दोन चुका धरून, चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी कोऱ्या बिलाच्या पाठीवर गुजरातीत लिहिलं:
मुलगी काचेवर बोटं उमटवत नाही.
खाली सही, आणि सवयीने
एकूण रक्कम: शून्य.

मग शेवटचा रकाना.
दोनशे शब्द, स्वतःच्या अक्षरात:
आमच्याकडची अशी एक वस्तू
जी तुम्ही वळून दुसऱ्यांदा पाहिलीत.

त्या आठवड्यात हिरव्या शालूतल्या बाईपुढे
वही घेतलेल्या मुलांची ही गर्दी.
मी कोपऱ्यात सरकले.
तिथे काचेच्या पेटीत एक पितळी डबा,
त्याला कागद गुंडाळलेला,
फिरतोय की नाही कळू नये इतका हळू फिरणारा,
आणि एक काटा
जांभळ्या शाईने रेघ ओढत होता.
हवेतली ओल, पहारेकरी म्हणाला.
उन्हाळ्यात खाली, विश्वामित्री फुगली की वर.
आत माणसाचे केस ताणून बसवलेत,
ओल लागली की लांबतात.
कुणाचे?
ते कुठे लिहिलेलं नाही, ताई.

मी लिहिलं: या इमारतीतल्या बाकी सगळ्या चित्रकारांचे
हात थांबलेत. याचा चालू आहे.

अर्ज मागच्या दाराने द्यायचा,
अकरा ते एक, सोमवार सोडून.
सोनटक्केबाईंनी शब्द बोटाने मोजले.
एकशे सत्त्याण्णव.
तीन कमी आहेत.
हो, म्हटलं. मीही मोजलेत.
त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं
आणि शिक्का मारला.

मुलाखतीत विचारलं, शालूची किनार कोणत्या रंगाची?
आठवेना.
म्हटलं, किनार माहीत नाही,
पण तिच्यापुढे सहल उभी राहिली की रेघ चढते.
तिघांतला एक जण हसला. कशाला ते कळलं नाही.
जिन्यावरच ठरवून टाकलं,
झालं, आता सुट्टीत पुन्हा बिलं.

जून. सोमवार. दारं बंद,
दिवे निम्मे, शालूतली बाई अंधारात.
सोनटक्केबाई जुन्या कागदांचा गठ्ठा देतात,
तारखेने लाव म्हणतात.
लावता लावता मी मुलाखतीचा आठवडा शोधते.
गुरुवार, दुपारी बाराच्या पुढे
सपाट चाललेली रेघ जराशी उठलीय,
तांदळाच्या दाण्याएवढी.
बाहेर तेव्हा मार्चचं कोरडं ऊन होतं.
आत त्या बाकांवर आम्ही नऊ जण,
तळहात पुसत,
एकमेकांच्या फायलींकडे न बघता.

कागदामागे पेन्सिलीने तारीख घालते.
नवा गुंडाळते, घट्ट नाही, सैल नाही,
पेटीला बोट न लावता.
काटा टेकवताना श्वास रोखते.
तरी या आठवड्याची रेघ
जरा वरूनच सुरू होते.